मॅग्नेटने काढता येणारा पॅलेडियम कॅटॅलिस्ट: घ्यावा का?

हा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) भोसरीतल्या एका सप्लायरकडून घेतला, नाव लिहीत नाही. काळपट पावडर आहे, आत मॅग्नेटाइटचे नॅनोपार्टिकल, वर सिलिकाचं कोटिंग आणि त्यावर अमाइन लिंकरने धरलेलं पॅलेडियम. आमची पाषाणला छोटी लॅब, काम मुख्यतः सुझुकी कपलिंगचं, म्हणजे पॅलेडियम वापरून दोन रेणू कार्बन-कार्बन बंधाने जोडायचं, 2010 चं नोबेल मिळालं त्यातलीच ही रिअ‍ॅक्शन.

सेपरेशन खरंच मस्त! फ्लास्कला बाहेरून निओडिमियम मॅग्नेट लावला की पावडर काचेला चिकटते, सोल्यूशन सरळ ओतून घ्यायचं, सेलाइटच्या (गाळायला वापरतात त्या पावडरच्या) थरातून गाळायची भानगड नाही आणि पॅलेडियम ऑन कार्बन (कोळशावर बसवलेलं पॅलेडियम) गाळताना गाळणीवरचा केक कोरडा पडून पेटेल ही धास्तीपण नाही. मॅग्नेट काढला की पावडर परत छान पसरते, कारण इतके बारीक कण स्वतःत चुंबकत्व धरून ठेवत नाहीत. सिलेक्टिव्हिटीही चांगली, एकाच रिंगवर ब्रोमो (ब्रोमीन) आणि क्लोरो (क्लोरीन) असले तर कपलिंग ब्रोमोवर होतं, क्लोरो तसाच राहतो. पण हायड्रोजनने नायट्रोचं अमाइन करायचं असेल आणि रिंगवर क्लोरो असेल तर हा वापरू नका, क्लोरीनपण निघून जातो, पॅलेडियमची जुनीच खोड आहे ती.

आता खरा मुद्दा. पावडर परत मिळाली म्हणजे कॅटॅलिस्ट परत मिळाला असं नाही ना, त्यावर पॅलेडियम किती उरलं ते बघायला हवं. सप्लायरच्या माहितीच्या शीटवर किती वेळा वापरता येईल ते ठळक छापलंय, लीचिंगचा, म्हणजे पॅलेडियम सुटून सोल्यूशनमध्ये किती जातं त्याचा, आकडाच नाही, मागितला तर नुसतं "पाठवतो सर". मग आम्हीच रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर असताना, गरम असतानाच, मॅग्नेटने पावडर बाजूला केली आणि नुसतं सोल्यूशन पुढे चालू ठेवलं, तर टीएलसीवर (काय काय तयार झालं ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या प्लेटवर) प्रॉडक्टचा स्पॉट हळूहळू वाढतच गेला, म्हणजे सुटलेलं पॅलेडियमही काम करतंय. ही टेस्ट गार करून करू नका, सुटलेलं पॅलेडियम परत सपोर्टवर, म्हणजे पावडरवर, बसतं आणि सगळं ठीक वाटतं. औषधाचं काम असेल तर हे फार गंभीर आहे, आयसीएचच्या (औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) गाइडलाइनप्रमाणे तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे. अशा कामाला आयसीपी-एमएस (धातूचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारी टेस्ट) रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी तरी पैसे देणार नाही, कॉलेजच्या किंवा रिसर्चच्या कामाला मात्र बिनधास्त घ्या.

आणि हो, मॅग्नेटिक स्टरर वापरू नका, सगळी पावडर स्टर बारलाच जाऊन चिकटते, वरून फिरणारा पंख्याचा स्टरर लावा.