तपास कोणाच्या डोळ्यांनी: पोलीस पाटील की ठाणेदार?

विदर्भातल्या खेड्यात घडणारी गुन्हेगारी कादंबरी लिहायला घेणाऱ्याने खुनी कोण हे ठरवण्याआधी तपास कोणाच्या डोळ्यांनी दाखवायचा हे ठरवावे. गावचा पोलीस पाटील आणि तालुक्याच्या ठाण्यातला ठाणेदार हे त्यातले दोन स्वाभाविक पर्याय आहेत. वाचकापासून काय लपवता येईल आणि ते किती प्रामाणिकपणे लपवता येईल, हे या एका निवडीवर अवलंबून असते.

दोघांची तुलना एकाच गुन्ह्यावर करून पाहू. दिवाळीनंतरचे दिवस आहेत, तूर माणसाच्या उंचीला आली आहे, आणि रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लावलेल्या तारेजवळ सकाळी एका शेतकऱ्याचे प्रेत सापडते. अशा तारेत वीज सोडणे बेकायदेशीर असले तरी पिकाच्या राखणीसाठी ती सोडली जाते आणि तिने माणसेही दगावतात. त्यामुळे ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो आणि प्रकरण अपघात म्हणून मिटण्याच्या वाटेला लागते. विजेच्या चटक्याची खूण मृत्यूनंतरही शरीरावर उमटू शकते, याचा खुन्याने फायदा घेतलेला आहे. त्याच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी, की शेतीपंपांचा थ्री फेज पुरवठा तिथे दिवसा आणि रात्री अशा पाळ्यांनी येतो, त्या रात्री पाळी नव्हती, आणि गावठाणाच्या वीजवाहिनीवर आकडा टाकून चोरून वीज घेण्याइतके ते वावर गावाजवळ नाही.

ठाणेदाराच्या कादंबरीत हा धागा तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात सापडेल. तो बदलीवर आलेला अधिकारी असल्याने त्याला पाळ्यांची माहिती नसते. तो वीज उपकेंद्राला पत्र पाठवतो, नोंदवही मागवतो, आणि वाचकाला ती माहिती त्याच्याबरोबरच मिळते. लेखकाला काही लपवावे लागत नाही, म्हणून पहिलीच कादंबरी लिहिणाऱ्याला हा मार्ग सोपा वाटतो आणि तो खरोखरच सोपा आहे.

पोलीस पाटलाचे तसे नाही. तो त्याच गावचा रहिवासी असतो, स्वतःच्या हरभऱ्याला ओलीत करायला रात्री-अपरात्री उठतो, आणि प्रेत पाहताच त्याला कळते की काल रात्री तारेत वीज असणे शक्य नाही. इतकेच नव्हे, ज्याला पाळी ठाऊक नाही असा माणूस आता शेती करत नाही, हेही त्याला त्याच क्षणी उमगते, आणि गाव सोडून तालुक्याला राहायला गेलेला मृताचा भाऊ त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 साली रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांतला एक असा आहे की शोधकाला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवला पाहिजे. पाटलाच्या मनात शिरून हे त्याच्याच तोंडून लपवले, तर वाचकाला फसवल्यासारखे होते. यावर माझ्या मते एकच चांगला उपाय आहे: पाळीची माहिती प्रेत सापडण्यापूर्वीच, शेतीच्या रोजच्या कामात मिसळून सांगून टाकावी. या आठवड्यात रात्रीचे जागरण नाही म्हणून पाटलाच्या घरी निवांतपणा आहे, एवढे पहिल्या प्रकरणात येऊन गेले, की धागा वाचकाच्या हातात असतो आणि तरीही त्याच्या लक्षात येत नाही. हे लिहिणे कठीण आहे, पण गावचे जगणे आणि गुन्ह्याची उकल एकाच वाक्यात बसवण्याची संधी ठाणेदाराच्या कादंबरीत मिळत नाही.

अधिकारांच्या बाबतीत पाटील दुबळा आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 नुसार उपविभागीय अधिकारी त्याची नेमणूक करतात. खबर देणे आणि पोलिसांना साहाय्य करणे ही त्याची कर्तव्ये आहेत, परंतु गुन्ह्याच्या तपासाची सूत्रे ठाण्याकडेच राहतात. मला हा दुबळेपणा फार मोलाचा वाटतो. ज्याच्या धुऱ्याला आपला धुरा लागून आहे, ज्याच्या घरी आपली सोयरीक झालेली आहे, त्याच्याविषयी खबर द्यायची की दोन दिवस थांबायचे, या प्रश्नावर संपूर्ण कादंबरी उभी राहू शकते.

ठाणेदार निवडला तर कायद्याचा अभ्यास टाळता येणार नाही, आणि कथेचे सालही निश्चित करावे लागेल. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यामुळे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते; 2010 सालच्या कथेत ते दाखवले तर चूक ठरेल. अटकेनंतर 24 तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे मात्र दोन्ही काळांत बंधनकारक आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, त्यामुळे शेवटच्या प्रकरणात खुन्याने ठाणेदारासमोर सर्व काही कबूल केले म्हणून प्रकरण संपत नाही. त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हाती लागावी लागते.

ज्याचे बालपण खेड्यात गेले आहे त्याने पाटील निवडावा आणि कथन तृतीयपुरुषी ठेवावे, असे मी सुचवेन. वऱ्हाडी संवादांतच राहू द्यावी, म्हणजे विदर्भाबाहेरचा वाचकही अडणार नाही. ज्याला गावाचा सराव नाही, पण कागदपत्रे वाचण्याची चिकाटी आहे, त्याने ठाणेदाराकडे जावे. एकाआड एक प्रकरण दोघांना देण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु या कथेत तो टाळावा, कारण पाटलाला पहिल्या सकाळी उमगलेली गोष्ट ठाणेदार चौथ्या प्रकरणात शोधू लागला, तर मधली सगळी पाने वाचक नुसता त्याची वाट पाहत बसेल.