१९७० ची जावा २५० : खरेदी, सुधारणा आणि वापरानंतरचा अनुभव

जुनी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी मोटरसायकल बघायला गेलेल्या माणसाची नजर आधी टाकीवरच्या क्रोमकडे आणि रंगाकडे जाते, आणि विकणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असते. रंग मात्र कोणताही चांगला रंगारी आठ-दहा दिवसांत उभा करून देतो. गाडी पुढची काही वर्षे चालणार की कोपऱ्यात उभी राहणार, हे क्रँक (पिस्टनच्या वर-खाली धावेने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा), ऑइल सील (त्याच्या टोकांवरची गळती रोखणारी रबरी कडी) आणि चार्जिंग या तीन गोष्टींवर ठरते. १९७० साली नोंदलेली माझी जावा २५० मी देवासच्या एका मराठी कुटुंबाकडून घेतली, तिच्यावर इंजिनापासून दिव्यापर्यंत काम करून घेतले आणि त्यानंतर अनेक महिने ती इंदूरच्या रहदारीत, महूच्या रस्त्यावर आणि खाली निमाडात उतरणाऱ्या घाटात वापरली. पैसे कोणत्या कामावर आधी खर्च करावेत, याबद्दल माझे मत या वापरातून फार ठाम झाले आहे.

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेक कंपनीच्या परवान्याखाली १९६१ पासून या गाड्या बनवल्या, १९७३ पासून त्या येझदी या नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिन एका सिलिंडरचे, पण सायलेन्सर दोन. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आणि क्षमता २४८.५ सीसी. स्ट्रोक बोअरपेक्षा लांब असल्यामुळे ही गाडी कमी वेगातही जोर धरून ओढते आणि राजवाड्याच्या गर्दीत तिसऱ्या गिअरवर शांतपणे चालते. उगाच पिळून वेग काढायची ही गाडी नव्हे. डाव्या बाजूचा एकच दांडा किकचे आणि गिअरचे अशी दोन्ही कामे करतो. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, आणि पुन्हा खाली आणला की गिअर. शिवाय गिअर टाकताना पायाच्या दाबानेच क्लच सुटतो, त्यामुळे हाताचा क्लच न ओढताही गिअर बदलता येतो. ही रचना आजही मला फार सुंदर वाटते, मात्र तिचे सेटिंग नीट नसेल तर गाडी सिग्नलला उभी असताना पुढे सरकत राहते.

खरेदीच्या वेळी मी विकणाऱ्यांना आधीच फोन करून विनंती केली होती की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नये. गरम इंजिन पुष्कळ दोष झाकते. थंड इंजिनाला किती किका लागतात, पहिल्या मिनिटात धूर कसा निघतो आणि तो नंतर कमी होतो की नाही, हे बघितल्याशिवाय टू-स्ट्रोक गाडीचा भाव ठरवू नये. त्यानंतर उजव्या बाजूचे कव्हर काढून क्रँकच्या टोकावरचा डायनामोचा (वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) भाग हाताने धरून वर-खाली हलवून पाहावा. तो जरा जरी हलला तरी मेन बेअरिंग गेले असे समजावे आणि इंजिन पूर्ण खोलण्याचा खर्च मनात धरूनच बोली करावी. माझ्या गाडीत तो स्पष्ट हलत होता. घरातल्या काकूंनी मात्र कागदपत्रे इतकी व्यवस्थित जपली होती की मूळ नोंदणीपुस्तकाची पाने प्लास्टिकच्या पाकिटात एकेक करून ठेवलेली होती. इंजिन आणि चासी या दोन्हींचे क्रमांक त्याच्याशी जुळले, आणि तेवढ्यासाठी त्यांनी मागितलेल्या भावात मी फारशी घासाघीस केली नाही. क्रमांक जुळत नसलेली गाडी निम्म्या किमतीला मिळाली तरी घेऊ नये, कारण इंजिनाचा दोष पैशाने जातो, कागदाचा जात नाही.

कागदांबाबत आणखी एक गोष्ट नीट समजून घेणे जरूर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु अशा गाडीच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांपलीकडे ती नियमित रस्त्यावर चालवता येत नाही. मला गाडी भाजी आणायलाही न्यायची होती, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही. तंदुरुस्तीची तपासणी करून साधी नोंदणीच पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलून घेतले. आरटीओतल्या फेऱ्यांना वेळ लागतो, पण अडचण अशी आली नाही.

आता इंजिन. क्रँक ज्या पेटीत फिरतो ती क्रँककेस. चार-स्ट्रोक इंजिनात ती म्हणजे तेलाची जागा. टू-स्ट्रोकमध्ये मात्र ती हवाबंद असावी लागते, कारण कार्ब्युरेटरमधून आलेले मिश्रण आधी तिथेच दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांचे सील हे या इंजिनाचे मर्म आहे. जावाच्या डाव्या बाजूला प्रायमरी चेन (क्रँकची शक्ती क्लचकडे नेणारी साखळी) आणि क्लच तेलात बुडालेले असतात. त्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरचे तेल आत ओढून जाळू लागते, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्समधले तेल कुठेही न सांडता कमी होत जाते. उजव्या बाजूला डायनामो कोरडा असतो. तिकडचे सील गेले तर धूर दिसत नाही, उलट गाडी जरा जास्तच मोकळी पळते असे वाटते, कारण बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो आणि एके दिवशी भर रस्त्यात बोअरमध्ये जाम होतो. धूर काढणाऱ्या गाडीपेक्षा विनाकारण जोरात पळणाऱ्या गाडीची मला म्हणूनच जास्त भीती वाटते.

माझे इंजिन ज्या मिस्त्रींनी बांधले ते चाळीसेक वर्षे याच गाड्यांवर काम करत आलेले आहेत. जावाचा क्रँक एकसंध नसतो. दोन तबकड्या, मधली पिन आणि कनेक्टिंग रॉड प्रेसवर दाबून एकत्र केलेले असतात. नवा रॉड बसवल्यावर त्यांनी क्रँक लेथच्या दोन टोकांत धरला, डायल गेज लावले आणि हाताने सावकाश फिरवला. काटा एका बाजूला जरा जास्त झुकला की खडूने खूण करायची, क्रँक खाली काढायचा, तांब्याच्या हातोडीचा एकच बेताचा ठोका द्यायचा आणि पुन्हा लावून बघायचे. काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत त्यांनी हे न कंटाळता केले, आणि मी मध्ये बोलू लागलो तेव्हा हात वर करून मला थांबवले. आज साठच्या वेगाला हँडल आणि पायदाने जी शांत राहतात ती त्या दुपारच्या कामामुळे. बीडाच्या सिलिंडरला नवा बोअर, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा, दोन्ही सील आणि सगळी बेअरिंगे असा सारा खर्च ३० हजारांच्या आसपास आला. गाडीची किंमत ८५ हजार होती. ज्यांना एवढा खर्च जास्त वाटतो त्यांनी रंग पुढे ढकलावा, क्रँक पुढे ढकलू नये.

दुसरे मोठे काम विजेचे. मूळ जावामध्ये ६ व्होल्टचा डायनामो, कार्बन ब्रश आणि कॉन्टॅक्ट पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे स्विच) आहेत. पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटर असावे लागते, पॉइंट झिजत जातात तसे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सरकते, आणि स्पार्क बॅटरीवर अवलंबून असल्यामुळे बॅटरी उतरली की गाडी सुरू करणे मोठे जिकिरीचे होते. पावसाळ्यात तर पॉइंट पुसण्यातच सकाळ जाते. मी पूर्ण डायनामो काढून त्या जागी चुंबकाचा फिरणारा रोटर, वीज निर्माण करणारा तारांचा स्थिर स्टेटर, सीडीआय (पॉइंटऐवजी ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि १२ व्होल्टचा रेग्युलेटर असा संच बसवला. यासाठी केसला एकही भोक पाडावे लागले नाही, आणि जुना डायनामो तेल लावून कपाटात ठेवला आहे. या बदलाने गाडीचे रूप तसूभरही बदलले नाही, स्वभाव मात्र पार बदलला. थंडीतही दुसऱ्या किकेला इंजिन धरते आणि रात्री बायपासवर समोरचा खड्डा वेळेवर दिसतो. पूर्वीच्या पिवळट उजेडात शहराबाहेर रात्री जाणे मला धोक्याचेच वाटत असे. एक काळजी घ्यावी: संच बसवणाऱ्याने स्टेटर खुणेला खूण लावून सोडून देऊ नये, पिस्टनची जागा मोजून टायमिंग जुळवावे. पहिल्या कारागिराने ते नुसत्या अंदाजाने ठेवले होते आणि चढावर इंजिन ठोकत होते. मिस्त्रींनी मोजून लावल्यावर आवाज गेला.

कार्ब्युरेटर मूळचा जिकोव बनावटीचा होता. त्याची स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) इतकी झिजली होती की बाजूने हवा शिरत होती आणि गाडी आयडलला एका सुरात उभी राहत नव्हती, म्हणून त्याच मापाचा, २४ मिलिमीटरचा व्हीएम पद्धतीचा नवा बसवला. जिकोव चांगल्या स्थितीत असेल तर तो बदलण्याची काहीच गरज नाही. खरा प्रश्न आहे तो हल्लीच्या पेट्रोलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, म्हणून मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक नंबर मोठा घातला. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल कॉकमधले (टाकीखालच्या तोटीतले) बुचाचे वॉशर इथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात, म्हणून तेही बदलले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तेव्हा मी कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल जळू देतो आणि टाकी भरलेली ठेवतो. ऑइलचे प्रमाण नव्या पिस्टनवर लिटरला ४० मिली ठेवले होते, आता चांगल्या टू-टी (टू-स्ट्रोकसाठीच्या) ऑइलचे ३० मिली घालतो. ऑइल पंपावर अंदाजाने ओतू देऊ नये. लहान मापाची बाटली डिकीत असावी.

ब्रेकला मी डिस्क लावली नाही. पुढचा फोर्क त्या ताणासाठी बनलेला नाही, आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करणे कायद्यालाही धरून नाही. ब्रेकचे ड्रम लेथवर साफ करून नवे लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) चिकटवून घेतले. ब्रेक सुधारले, पण आजच्या गाडीसारखे ते लागत नाहीत आणि लागणारही नाहीत. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवूनच चालवावे लागते. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून टाका, आवाज मोठा येतो, असा सल्ला पुष्कळांनी दिला. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो, त्यातून परत येणारा दाब ताजे मिश्रण बाहेर जाऊ देत नाही. जाळ्या काढल्या की खालचा जोर जातो आणि शेजाऱ्यांची झोपही. मी त्या कॉस्टिक सोड्यात भिजवून कार्बन साफ केला आणि परत बसवल्या.

घाटाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्याने टू-स्ट्रोक घेणारे इथेच इंजिन खराब करतात. महूहून मंडलेश्वरकडे उतरणारा जाम घाट चढताना ही गाडी फार आनंद देते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ती दम न लागता वर येते. धोका उतरताना असतो. या इंजिनाला वेगळे तेल मिळत नाही, पेट्रोलबरोबर येते तेवढेच. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली तर चाके इंजिनाला जोरात फिरवत राहतात आणि आत पेट्रोल जवळपास नसल्याने तेलही नसते. म्हणून उताराला थोड्या थोड्या वेळाने हलकेच ॲक्सिलरेटर द्यावा आणि वेग ब्रेकने आवरावा. घाट उतरल्यावर मी एकदा स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघतो. चॉकलेटी असला तर पुढे महेश्वरपर्यंत निर्धास्त जातो. पांढरट दिसला तर जेट आणि उजवे सील तपासल्याशिवाय पुढे जात नाही.

मायलेज शहरात २५ ते २८ आणि बाहेर ३० च्या आसपास मिळते. सुटे भाग मिळण्याची अडचण फारशी नाही, कारण देशभर या गाड्यांचे चाहते आहेत आणि पिस्टनपासून रबरापर्यंत बहुतेक वस्तू नव्याने बनतात. त्यांचा दर्जा मात्र एकसारखा नाही. एका दुकानातून आलेल्या क्लच प्लेटा काही आठवड्यांत सुटू लागल्या आणि त्या परत घ्यायला दुकानदार तयार झाला नाही. सील आणि बेअरिंग तरी नेहमी नावाजलेल्या बनावटीची, मिस्त्रीला दाखवूनच घ्यावीत. ज्यांना फक्त जुन्या जावाचे रूप हवे आहे आणि हात काळे करायची इच्छा नाही, त्यांच्यासाठी २०१८ पासून बाजारात आलेली चार-स्ट्रोक जावा अधिक सोयीची आहे.

आता पुढच्या फोर्कचे सील थोडे पाझरतात आणि स्पीडोमीटरचा काटा चाळीसच्या पुढे थरथरतो. ही दोन कामे पावसाळ्याआधी करून घेणार आहे, आणि टाकीच्या क्रोमला अजून वर्षभर तरी हात लावणार नाही.