ईईजी की एफनिर्स? घोडं अडतं केसांपाशी

बोलणारा, चालणारा माणूस किंवा मांडीवर चुळबुळ करणारं मूल अभ्यासायचं असेल, तर एमआरआय आपोआप बाद होतं. उरतात मेंदूचं काम मोजणाऱ्या दोन टोप्या: टाळूवरच्या इलेक्ट्रोडांनी मेंदूची वीज टिपणारी ईईजी आणि प्रकाशाने मेंदूतल्या रक्तप्रवाहातले बदल टिपणारी एफनिर्स.

पहिल्या नजरेत एफनिर्स भावतं. डोकं धुवायची कटकट नाही, पापणी लवली तरी सिग्नल शाबूत. ईईजीत पापणीची एक उघडझाप १०० मायक्रोव्होल्टच्या घरात जाते आणि मेंदूचा बारीक प्रतिसाद तिच्याखाली दडपतो. दात आवळले तर २० हर्ट्झच्या वर दिसतं ते बहुतांशी स्नायूंचंच. शिवाय सिग्नल कवटीखाली कुठून आला, हेही एफनिर्स जास्त नेमकं सांगतं. वेळेत मात्र तुलनाच नाही. रक्तप्रवाहाचा प्रतिसाद शिखरावर यायला पाच-सहा सेकंद लागतात. शब्द ऐकल्यावर ४०० मिलिसेकंदांनी काय घडतं हे पाहायचं असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

बाकीच्यांसाठी खरी अडचण केसांची. एफनिर्समध्ये साधारण ७६० आणि ८५० नॅनोमीटरचा प्रकाश आत सोडतात आणि मोठ्या माणसाच्या डोक्यावर सुमारे ३ सेंटीमीटर अंतरावर तो टिपतात. म्हणजे आत जाताना आणि बाहेर येताना, असे दोनदा केस आडवे. दाट काळे केस बराच प्रकाश गिळतात. मग एकेक ऑप्टोड (प्रकाश सोडणारा स्रोत किंवा तो टिपणारा डिटेक्टर) काढा, बोथट काडीने केस बाजूला सारा, ते पुन्हा आड येऊ नयेत म्हणून पारदर्शक जेलचा ठिपका लावा (जेल नको म्हणून हे घेतलं होतं ना!), ऑप्टोड बसवा आणि कच्च्या सिग्नलमध्ये नाडीचे ठोके दिसतात का बघा. नाही दिसले, तर पुन्हा काढा. एक स्रोत तीन-चार डिटेक्टरांना पुरत असल्याने केसांच्या एका बटेपायी तेवढे चॅनेल (स्रोत-डिटेक्टरच्या जोड्या) जातात. गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) वाढवला की सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो. आणि खराब डेटा म्हणून गाळले जातात ते नेमके दाट केसांचे लोक; नमुना गुपचूप एकीकडे झुकतो.

ईईजीतही केस आड येतातच, पण तिथे जेल त्यांच्यातून वाट काढतं. बोथट सुईने केस सारून टाळू हलकेच घासला, थोडं जेल सोडलं, की इम्पिडन्स (टाळू आणि इलेक्ट्रोडमधला विजेला होणारा अडथळा) पडद्यावर उतरताना दिसतो. १० किलोओहमखाली आला की पुढचा इलेक्ट्रोड. जेल जास्त झालं तर शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले जाऊन सारखाच सिग्नल देतात, तेवढं सांभाळायचं. एखादा बिघडलाच तर शेजाऱ्यांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. चूक दिसते आणि तिथल्या तिथे दुरुस्त होते. माझा कल ईईजीकडे झुकतो तो यामुळेच.

अर्थात फक्त कपाळामागचा भाग पाहायचा असेल, विरळ केसांची तान्ही बाळं असतील किंवा कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेली माणसं असतील (इम्प्लांटची वीज ईईजीत घुसते), तर एफनिर्सच घ्यावं. मात्र स्रोतापासून सुमारे ८ मिलिमीटरवरच प्रकाश टिपणारे जवळचे चॅनेल सोबत हवेतच, नाहीतर मेंदूऐवजी टाळूचं रक्त मोजत बसाल. आणि विकत घेण्याआधीचा डेमो टकलावर नको: दाट केसांच्या डोक्यावर, कानाच्या वरच्या भागात टोपी बसवायला सांगा आणि किती चॅनेलमध्ये नाडी दिसते ते मोजा.