मगरुड, कासवटवाघूळ आणि एक फसलेला हत्तीमोर: आठ महिन्यांनंतर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नातीच्या कवितांच्या पुस्तकातलं मगरुडाचं पान सुटून तिच्या हातात आलं आणि ती रडायलाच लागली. मधल्या घडीतल्या दोन्ही पिना गंजून तुटल्या होत्या, आजूबाजूला तांबूस डाग पडले होते. १८० रुपये मोजले होते मी! गोव्यात, फोंड्याच्या पावसात लोखंडी पीन टिकत नाही, हे इथे पुस्तकं विकणाऱ्याला सांगावं लागतं का? बदलून मागितलं तर उत्तर मिळालं, "आठ महिन्यांनी कसं बदलून देणार?" वाद घालून दमले, घरी आले, दाभणानं पाच भोकं पाडली आणि गोधडीच्या दोऱ्यानं पुस्तक शिवलं. छापखान्यानं हेच केलं असतं तर काय बिघडलं असतं?

डिसेंबरात विकत घेतलं तेव्हा माझं मत फारसं बरं नव्हतं. बारा कविता, चोवीस पानं, प्रत्येक कवितेत अर्धा हा आणि अर्धा तो असा एक प्राणी आणि त्याची स्तुती. मुलांना खरे प्राणी धड माहीत नाहीत, त्यात हे कशाला, असं वाटलं होतं. ते मत मी मागे घेते. नातीला मगर आणि गरुड वेगवेगळे नीट कळले ते मगरुडामुळेच. चोच कुणाची, शेपूट कुणाचं, हे ठरवायला दोघांकडे निरखून बघावंच लागतं. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे मी तिला आधीही सांगितलं होतं, पण पूल आला की खिडकीला नाक लावून बसायला ती लागली या कवितेनंतर.

आता नावांबद्दल. मला यावर सविस्तर लिहायचंच आहे, कारण या प्रकारच्या कवितेचं सगळं बळ नावाच्या सांध्यात असतं. मगर आणि गरुड यांत 'गर' दोघांचा, म्हणून मगरुड. कासव आणि वटवाघूळ यांत 'व' सामाईक, म्हणून कासवटवाघूळ. बेडूकबूतरात 'क' तसाच. दोन्ही नावं जवळजवळ पूर्ण ऐकू येतात, तरी शब्द एकच. बंगाली कवी सुकुमार राय यांनी १९२३च्या 'आबोल ताबोल' या कवितासंग्रहात हेच केलं होतं. हांस, म्हणजे बदक, आणि सजारू, म्हणजे साळिंदर, यांचा 'हांसजारू'. बंगालीत देवमाशाला तिमी म्हणतात, म्हणून हाती आणि तिमी मिळून 'हातिमी'. मूल असं नाव एकदा ऐकतं आणि विसरत नाही.

आणि मग नववी कविता येते, हत्तीमोर. यात काय जुळलं? काहीच नाही. दोन शब्द शेजारी ठेवले, झालं. आठ महिन्यांत नातीनं ही कविता एकदाही मागितली नाही. बाकीच्या अकरा तिला तोंडपाठ आहेत. कवीला अकरा वेळा जमलं, म्हणून बारावी वेळ जास्त खुपते.

दुसरी तक्रार चित्राची. कासवटवाघूळ झाडाला उलटं लटकलंय आणि त्याचं कवच बाजूच्या फांदीवर काढून ठेवलंय! कवच म्हणजे सदरा नव्हे. ते कासवाच्या कण्याला आणि बरगड्यांना जोडलेलं असतं. जानेवारीत आम्ही गालजीबागला गेलो होतो. तिथे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हे तिला दाखवायचं होतं. तिथे तिनं मला पहिला प्रश्न विचारला, "कवच कुठे काढून ठेवतात?" प्राणी काल्पनिक असू दे, पण त्याचे दोन्ही अर्धे खरे हवेत. सारळा दासांच्या ओडिया महाभारतातल्या नवगुंजराला नऊ प्राण्यांची अंगं आहेत, पण अर्जुनाला त्याच्यात देव ओळखू येतो तो कमळ धरलेल्या माणसाच्या हातामुळे. तो हात धड काढला नसता तर अर्जुनानं बाणच सोडला असता.

चालीबद्दल मात्र तक्रार नाही. सोळा मात्रांच्या ओळी, चार टाळ्यांत एक ओळ बसते. स्वयंपाक करतानाही म्हणता येतात. आणि स्तुती ती खरी स्तुतीच, शेवटी "म्हणून मुलांनो" असं काही नाही.

पण हे सगळं लिहायचं कारण गेल्या रविवारचं. आमच्या घरी कोकणी बोलतात, मगरीला मानगें म्हणतात. पौषातल्या अमावास्येला मानगे थापणीला मातीची मगर करतात, ती नातीनं पाहिलेली. शिवलेलं पुस्तक मांडीवर घेऊन ती एकदम म्हणाली, "आजी, मानगेंडा!" मानगें आणि गेंडा. 'गें' दोघांचा, आणि भाषासुद्धा दोन. मी पोळी तव्यावर तशीच सोडून तिच्याजवळ जाऊन बसले. तासाभरात खेकडा आणि डास यांचा खेकडासही झाला. त्याची कविता आम्ही दोघींनी मिळून केली:

तिरका उडतो खेकडास हा,
चावत नाही, चिमटे पाहा!

पिनांमुळे एक तारा कापला आहे, कवचामुळे अर्धा. हत्तीमोराबद्दलही कापणार होते, पण काल बघितलं तर तिनं पेन्सिलनं शीर्षक दुरुस्त केलेलं. तितर पक्षी कसा असतो ते मी परवाच सांगितलं होतं. आता तिथे 'हत्तितर' असं लिहिलंय आणि मोराच्या पिसाऱ्यावर तपकिरी रंग दिलाय.