पोलिसांपुढे बोलायचं, मॅजिस्ट्रेटपुढे बोलायचं की गप्प राहायचं?

"वकीलसाहेब, तो सगळं खरं खरं सांगून टाकेल, मग सोडतील ना त्याला?"

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून आई-बाप हे विचारतात, तेव्हा पोटात कालवतं. कारण मुलगा कुणापुढे बोलणार, यावर सगळं असतं. तेच वाक्य एका ठिकाणी पुरावा म्हणून उभंच राहत नाही, तर दुसऱ्या ठिकाणी जन्मठेपेपर्यंत नेऊ शकतं. म्हणून तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

त्याआधी हातातली नोटीस नीट वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७९ लिहिलं असेल, तर साक्षीदार म्हणून बोलावणं आहे. अशा वेळी महिलेला, साठीपुढच्या किंवा पंधराच्या आतल्या पुरुषाला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. कलम ३५(३) असेल तर संशय तुमच्यावर आहे. तिथे दांडी मारू नका, गैरहजेरी हेच अटकेचं कारण होतं.

आता पहिली वाट, पोलिसांपुढचा जबाब. पोलिसांजवळ दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने त्याला आणखी बळ दिलं: आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात १९७८ साली सुप्रीम कोर्टाने हे संरक्षण ठाण्यातल्या चौकशीपर्यंत आणून ठेवलं. स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क तिथेही आहे.

मग लोक म्हणतात, पोलिसांपुढे काहीही बोललं तरी चालेल की! इथेच माणसं फसतात. त्याच कलम २३ ला एक परंतुक, म्हणजे अपवाद आहे. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २७ होतं, म्हणून जुन्या वकिलांच्या तोंडी अजूनही 'सत्तावीस'. कोठडीतला आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, "घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो, त्यानेच मी त्याला भोसकलं." त्याचा निवेदन पंचनामा होतो, पोलीस त्याला घेऊन जातात, सुरा सापडतो, जप्ती होते. कोर्टात 'छपरात लपवलेला सुरा काढून देतो' एवढे शब्द पुरावा होतात, 'भोसकलं' गळून पडतं. ही रेघ ब्रिटिश काळात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात आखून दिली आणि आजही तीच चालते. पण सुऱ्यावर रक्त सापडलं तर त्या चार शब्दांवर खटला उभा राहतो. तपासी अंमलदाराला मुद्देमाल हवा असतो, हे लक्षात ठेवा. चौकशीत घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, कोऱ्या कागदावर तर कधीच करू नका.

महाराष्ट्रात आणखी एक धोका आहे, मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा. १९९९ च्या या कायद्याच्या कलम १८ खाली पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली थेट पुरावा ठरते. मला ही तरतूद मनापासून खुपते. २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि कबुलीजबाबांवर विश्वास ठेवता येत नाही हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. निकाल पायंडा म्हणून वापरू नये अशी स्थगिती सुप्रीम कोर्टाने लगेच दिली, तो भाग वेगळा. पण शिक्षा झालेल्यांनी तुरुंगात काढलेली वर्षं आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी न्यायासाठी काढलेली वर्षं, दोन्हींची भरपाई कोण करणार? मकोकातली कबुली घेतल्यावर आरोपीला ताबडतोब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न्यावं लागतं. मारहाण झाली असेल तर तिथेच बोलायचं. नंतर महिन्यांनी सांगितलं तर 'तेव्हा का नाही बोललात?' हा प्रश्न पाठ सोडत नाही.

दुसरी वाट मॅजिस्ट्रेटपुढच्या कबुलीची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं १८३. इथे सगळं उलट आहे. मॅजिस्ट्रेटने आधी सांगावंच लागतं की कबुली देणं तुमच्यावर बंधनकारक नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. पोलीस दालनाबाहेर असतात. विचार करायला वेळ दिला जातो. 'नाही द्यायची' म्हटलं तर मॅजिस्ट्रेट पुन्हा पोलीस कोठडीत पाठवू शकत नाही. वकिलाच्या उपस्थितीत चित्रीकरणाचीही सोय आहे. कसाबने फेब्रुवारी २००९ मध्ये अशीच कबुली दिली. पुढे तो फिरला, तरी २०१२ साली सुप्रीम कोर्टाने ती स्वेच्छेची मानली. म्हणजे संरक्षण जास्त, पण म्हणूनच वजनही जास्त. एकदा नीट नोंदली गेली की 'दबावाखाली दिली' हे पटवून देणं फार अवघड जातं. पश्चात्ताप खरा असेल किंवा माफीचा साक्षीदार व्हायचं असेल, तर ही वाट योग्य, पण वकिलाशी एकांतात बोलल्यानंतरच.

तिसरी वाट, गप्प राहणं. बहुतेकांना मी सुरुवातीला हीच सुचवतो. तिची मर्यादाही सांगतो. मौन फक्त तोंडापुरतं आहे. बोटांचे ठसे, हस्ताक्षर हे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात ठरवलं. २०१९ पासून आवाजाचा नमुनाही मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने घेता येतो. नार्को, म्हणजे औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारायची चाचणी, मात्र तुमच्या संमतीशिवाय नाही, हा २०१० चा सेल्वी निकाल. संमती देऊ नका, असंच माझं मत आहे. चाचणीतली उत्तरं पुरावा होत नाहीत, पण त्यातून सापडलेली वस्तू होऊ शकते. पुन्हा तोच सत्तावीसचा दरवाजा.

आणि झडती बेकायदा होती म्हणून सापडलेला पुरावा बाद होईल, या भरवशावर राहू नका. तो कडक नियम अमेरिकेचा, मॅप विरुद्ध ओहायो, १९६१. आपल्याकडे मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाच प्रकरणात, मलकानी खटल्यात, चोरून ध्वनिमुद्रित केलेलं फोनवरचं बोलणंही सुप्रीम कोर्टाने १९७२ साली ग्राह्य धरलं. पुरावा संबंधित असेल तर तो कसा मिळवला, हे सहसा आड येत नाही.

खटल्याच्या शेवटी न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१. तिथे शपथ नसते, उत्तर नाकारलं म्हणून शिक्षा नाही. पिंजऱ्यात जाऊन शपथेवर साक्ष द्यायची तर ती आरोपीने स्वतः लेखी मागावी लागते आणि मग सरकारी वकिलाची उलटतपासणी झेलावी लागते. नाही दिली, तर त्यावर कोर्टानेही टिप्पणी करायची नाही.

हे सगळं पुढचं. आज रात्री अटक झाली, तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतील. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" असं विचारतील. वकील नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो आणि हे आरोपीला सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, हेही कसाबच्याच निकालात आहे. मुलाला एवढं आताच सांगून ठेवा: मारलं असेल तर तिथे बोल, वकील माग, आणि तोवर नाव-पत्त्यापलीकडे काही सांगू नकोस.