लारावेलचं आर्टिसन: हाताळायला सोपं, पण दोन कमांड जपून

पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने काम सुरू करणाऱ्याला लारावेल हे फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) सुचवावं, याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे आर्टिसन, म्हणजे टर्मिनलवर कमांड देऊन कामं करून घ्यायचं साधन. सिम्फनी या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्कच्या कन्सोलवर बांधलेलं हे साधन प्रोजेक्टच्या मुळाशीच असतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. लारावेल ११ साठी पीएचपी ८.२ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी.

कंपोझर या पीएचपीच्या पॅकेज मॅनेजरने नवा प्रोजेक्ट केला की डॉट-एनव्ही ही सेटिंग्जची फाइल, ॲपची एन्क्रिप्शन की आणि एसक्यूलाइटचा डेटाबेस आपोआप तयार होतो. ‘पीएचपी आर्टिसन सर्व्ह’ म्हटलं की ८००० पोर्टवर साइट उघडते. गिटवरून घेतलेल्या प्रोजेक्टचं मात्र तसं नाही. तिथे डॉट-एनव्ही नसतेच. नमुना फाइलची प्रत काढा, मग ‘की:जनरेट’ चालवा. नाहीतर पहिल्याच पानावर एन्क्रिप्शन की नसल्याची एरर येते.

‘मेक:मॉडेल’ला एम, सी, आर हे पर्याय जोडले की मॉडेल (टेबलाशी बोलणारा क्लास), मायग्रेशन (टेबल बनवायची फाइल) आणि रिसोर्स कंट्रोलर (त्या डेटाच्या विनंत्या हाताळणारा क्लास) एका दमात तयार. आपल्याकडे अडतं ते नावांपाशी. टेबलाचं नाव इंग्रजी अनेकवचनाने ठरतं, त्यामुळे ‘पावती’ या मॉडेलच्या टेबलाला शेवटी एस लागतो. जुन्या डेटाबेसवर काम असेल तर मॉडेलमध्ये टेबलाचं नाव स्वतः लिहून द्या.

आता जपून वापरायच्या दोन कमांड. ‘मायग्रेट:फ्रेश’ सगळी टेबलं डेटासकट काढून टाकते, मायग्रेशनने न बनवलेलीसुद्धा. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या साइटवर, ती आधी विचारते खरी, पण प्रॉडक्शन आहे की नाही हे तिला एपीपी-एनव्ही या सेटिंगवरूनच कळतं. सर्व्हरवर लोकलची (आपल्या मशीनवरची) डॉट-एनव्ही तशीच टाकली असेल, तर एकही प्रश्न न विचारता डेटा जातो. नवी मायग्रेशनं लागू करणारी साधी ‘मायग्रेट’ चालवतानाही आधी ‘प्रिटेंड’ पर्याय लावून, काहीही न बदलता, डेटाबेसवर चालणार असलेलं एसक्यूएल वाचावं.

दुसरी ‘कॉन्फिग:कॅश’, सगळ्या सेटिंग्ज एका फाइलीत साठवून ठेवणारी. ती चालवल्यावर लारावेल डॉट-एनव्ही वाचतच नाही. कंट्रोलरमध्ये डॉट-एनव्हीतलं मूल्य थेट एनव्ही फंक्शनने घेतलं असेल, तर तिथे नल (रिकामं मूल्य) मिळतो, आणि लोकलला नीट चालणारं पेमेंट किंवा मेल सर्व्हरवर बंद पडतं. एनव्ही फक्त कॉन्फिगच्या फाइलींत ठेवा, बाकी सगळीकडे कॉन्फिग फंक्शन. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा, नंतर शोधत बसणं फार जिवावर येतं.

टर्मिनलवरच कोड चालवून बघायच्या ‘टिंकर’ला पैकीच्या पैकी गुण. क्वेरी लिहिली, एंटर दाबलं, उत्तर समोर; ब्राउझरची गरज नाही.

रांगेत ठेवलेली कामं मागे चालवणाऱ्या ‘क्यू:वर्क’ची एक खोड आहे. ती सुरू होताना कोड एकदाच मेमरीत घेते, नंतरचे बदल तिला दिसत नाहीत. नवा कोड सर्व्हरवर डिप्लॉय झाल्यावर ‘क्यू:रीस्टार्ट’ द्यावंच लागतं. त्याने चालू वर्कर (चालू असलेली ‘क्यू:वर्क’) हातातलं काम संपवून थांबतो. त्याला पुन्हा उठवायला थांबलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणारं सुपरव्हायझरसारखं काहीतरी आधीच बसवलेलं हवं.