चित्र, निबंध की छायाचित्र? नागरी विषयावरील विद्यार्थी स्पर्धा निवडताना

नागरी विषयावरील स्पर्धेची सूचना शाळेत आली की ‘तुझा हात चांगला आहे, तू चित्र दे’, ‘तुझे अक्षर सुंदर आहे, तू निबंध लिही’ असे सांगून प्रश्न पाच मिनिटांत मिटवला जातो. (सुंदर अक्षर आणि लिहिण्याजोगे काही असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.) माझ्या मते निवडीचा निकष वेगळा हवा. त्या विषयातले विद्यार्थ्याने स्वतः काय पाहिले आहे आणि ते कोणत्या माध्यमात नीट उतरेल, हे आधी पाहावे.

चित्रस्पर्धा लहान वयाला सर्वांत सोयीची, कारण तिच्यात भाषेवरील प्रभुत्वाची अट नसते. लायन्स क्लब्ज इंटरनॅशनलची शांतता भित्तिचित्र स्पर्धा १९८८ पासून चालते आणि ती ११ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी असते. त्या स्पर्धेत चित्रावर एकही अक्षर किंवा अंक चालत नाही. हा नियम जाचक वाटला तरी त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे, कारण घोषवाक्याचा आधार गेला की कल्पना चित्रातूनच सांगावी लागते. दोन तळहातांवर पेललेली पृथ्वी आणि वर उडणारे कबुतर, अशी चित्रे परीक्षकांपुढे ढिगाने येतात. त्याऐवजी तोटी नसलेला सार्वजनिक नळ, त्याला कुणीतरी घट्ट बांधलेली चिंधी आणि चिंधीच्या टोकाला लोंबणारा थेंब एवढेच काढले, तर पाणीबचतीचा विषय आपोआप पोहोचतो. मर्यादा अशी की चित्रात एकच गोष्ट ठळकपणे सांगता येते.

निबंधाचे बळ नेमके येथे आहे. समजा, एका बसथांब्यावरील बाक काढून पदपथ रुंद केला. चालणाऱ्यांची सोय झाली, पण तेथे बसून बसची वाट पाहणाऱ्या वृद्धांची गैरसोय झाली. दोन्ही बाजूंना न्याय देत स्वतःचे मत मांडायचे असेल तर शब्दांना पर्याय नाही. साहित्याचा खर्च नगण्य, मात्र वेळ भरपूर लागतो. निबंधाचा मोठा धोका म्हणजे उसने लेखन. थोरांची वचने, ‘आजच्या युगात’ अशी सुरुवात आणि मोठ्यांनी फिरवलेला हात परीक्षकाला पहिल्याच परिच्छेदात जाणवतो. म्हणून ज्याला निबंध जड जातो त्याने पत्रलेखन स्पर्धेचा विचार अवश्य करावा. जागतिक टपाल संघाची ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठीची पत्रलेखन स्पर्धा १९७१ पासून होत आहे. समोर विशिष्ट व्यक्ती असली की मोघम लिहिता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा. राष्ट्रकुलाच्या १८८३ पासून चालत आलेल्या निबंध स्पर्धेतही कविता, कथा आणि पत्र हे प्रकार स्वीकारले जातात.

छायाचित्राबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण विद्यार्थ्याला घराबाहेर काढणारे हे माध्यम आहे. सार्वजनिक इमारतीच्या रॅम्पच्या तोंडाशीच दुचाकी उभी आहे, असे दृश्य घ्या. उभ्याने टिपले तर ती नुसती दुचाकी दिसते. गुडघे टेकून, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणला की तीच दुचाकी भिंतीसारखी आडवी येते. असे छायाचित्र पहिल्या फेरीत क्वचितच मिळते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी जावे लागते, आणि तेवढ्यात तेथे गाडी कोण लावतो आणि का लावतो हेही विद्यार्थ्याला कळून चुकते. पर्यावरणावरील ‘यंग रिपोर्टर्स फॉर द एन्व्हायर्न्मेंट’ या उपक्रमात ११ ते २५ वयोगटातील मुले आणि तरुण लेख, छायाचित्र आणि चित्रफीत या तिन्ही प्रकारांत भाग घेऊ शकतात, ते याच धाटणीच्या कामासाठी.

या माध्यमात जबाबदारीही अधिक आहे. ओळखू येणाऱ्या व्यक्तीची, आणि लहान मूल असल्यास पालकांची, संमती घ्यावी. कुणाच्या हलाखीचे छायाचित्र त्याला न विचारता स्पर्धेला पाठवणे नागरी विषयाच्या मुळावरच येते. वृत्तछायाचित्राच्या धर्तीवरील स्पर्धांत कडा कापणे आणि उजेड थोडा कमी-जास्त करणे बहुधा चालते, परंतु चौकटीतील वस्तू पुसणे किंवा नवी घालणे चालत नाही. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण निवड झाल्यावर ती मागितली जाऊ शकते. मोबाइल चालतो का आणि किमान किती पिक्सेल हवेत, हेही आधी पाहावे.

तिन्हींना लागू असलेली एक बाब म्हणजे हक्कांचे कलम. प्रवेशिकेचा वापर आयोजक कशासाठी आणि किती काळ करणार, विद्यार्थ्याचे नाव सोबत छापणार की नाही, हे पालकांनी सहीपूर्वी वाचावे. मूळ चित्र बऱ्याचदा परत मिळत नाही, म्हणून पाठवण्याआधी त्याची चांगली प्रत काढून ठेवावी.

दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी मी चित्र किंवा पत्र सुचवेन. प्रत्येक गोष्टीवर ‘पण का?’ विचारणाऱ्या मुलीने निबंध लिहावा. बोलायला संकोचणारा पण बारकाईने पाहणारा विद्यार्थी असेल, तर छायाचित्राला पर्याय शोधू नये. तरीही निर्णय होत नसेल, तर आठ दिवस एकच सार्वजनिक जागा रोज पाहायला सांगावी आणि नंतर त्याला बोलू द्यावे. त्याने एकच दृश्य पुन्हापुन्हा वर्णन केले तर कागद-रंग द्यावेत, कारणे सांगू लागला तर वही द्यावी, आणि ‘चला, दाखवतो’ म्हणत हात धरून तिकडे न्यायला निघाला तर कॅमेरा.